चारशे सतरा

नोव्हेंबरात कातोवित्सेचा दिवस
जेवून लगेच आडवा होतो.
तीन वाजता पोचलो तर दिवे लागलेले,
आणि खाणीच्या जागी काचेचे ठोकळे
आतून उजळून जमिनीवर ठेवून दिलेले,
कोणीतरी परत न्यायला येणार असल्यासारखे.
म्युझियम खाली आहे, म्हणाले.

कोट ठेवायच्या खिडकीत एक बाई.
छातीवरच्या पट्टीवर: उर्शुला गाव्लिक.
तिनं माझा कोट असा उचलला
की आत अजून कोणीतरी आहे.
हातावर पितळी बिल्ला ठेवला, ४१७.
"हरवू नका."
मग मोडक्या इंग्रजीत, न विचारता:
"माझ्या वडिलांचा एकशे नव्वद."

लिफ्टला अकरा सेकंद लागले.
कान दडले नाहीत, पोटात गोळा आला नाही.
खाली सगळं पांढरं. भिंती, छत, बाकं,
आणि लोकांचं हळू बोलणंसुद्धा.
आमच्याकडे म्हणतात,
कोळसा उगाळावा तितका काळाच.
इथे उगाळून उगाळून पांढरा केलाय.
एका पेटीत त्याचा एकच तुकडा,
वरून दिवा सोडलेला, नवसाच्या मुलासारखा.
एका मुलीनं काचेला नाक लावलं.
वाफेचा ठिपका राहिला.
रखवालदारानं येऊन तो रुमालानं टिपला.

शेवटच्या दालनात कोणा कलावंताचा काळोख:
पडदा सारून आत बसायचं, सात मिनिटं
काही दिसत नाही.
शेजारी कोणी श्वास घेत होतं,
रेकॉर्डिंग की माणूस, कळेना.
मी दुसऱ्यांदा बसलो.
तिसऱ्यांदा बहुधा डोळा लागला.

जाग आली ती टॉर्चच्या उजेडानं.
उर्शुला.
माझा कोट तिच्या हातावर.
"चारशे सतरा?"
मी हो म्हणालो,
शाळेत हजेरी द्यावी तसा.

वर येताना लिफ्टऐवजी तिनं जिना धरला,
आणि दर वळणावर थांबून थोडं थोडं सांगितलं.
फळ्यावर खिळे असायचे.
खाली जाताना बिल्ला न्यायचा,
वर आलं की अडकवायचा.
पाळी संपून खिळा रिकामा दिसला
तर आई चुलीवरचं उतरवून
फाटकाशी जाऊन उभी राहायची.
इतर बायकाही यायच्या,
खिळा कोणाचा ते न विचारता.

मी चाचरत म्हणालो, "मग तुमचे वडील…"
"आले की. रोज आले. एकवीस वर्षं.
गेले ते अंथरुणात, खोकून खोकून,
समोर टीव्हीवर फुटबॉल."
आणि ती हसली, कारण
माझा चेहरा तयार झाला होता
दुसऱ्याच कुठल्या उत्तरासाठी.

बाहेर तिचा नवरा सायकल धरून उभा.
गिंटर. तो आत येत नाही.
खाली जायचे मला पैसे मिळायचे, म्हणतो,
आता मीच द्यायचे?
निवृत्तीनंतर कबुतरं पाळतो.
वर बघायचं राहून गेलं होतं, एवढंच कारण देतो.
त्यानं माझ्याशी हात मिळवला.
तळव्यात कातडीखाली
निळ्या शाईसारख्या दोन रेघा,
तिथे जखमेत भुकटी राहिली होती आणि वरून कातडी आली.
ही दोन अक्षरं आत कुठेच मांडलेली नव्हती.

ती दोघं लाल चौकटींच्या विटकरी घरांकडे गेली.
कुठल्यातरी धुराड्यातून
कोळशाचा वास आला, खरा, घशाला लागणारा.
म्युझियममध्ये तेवढाच नव्हता.

हॉटेलात खिशात हात घातला,
तर बिल्ला.
माणूस मिळाल्यावर तो मागायचं
तिला सुचलंच नसावं.
टेबलावर ठेवला. दिवा मालवला.
काळोखात पितळ दिसत नाही,
तरी ते कुठे आहे ते कळत राहतं.
तिकडे फळ्यावर
एक खिळा रिकामा.

साडेअकरा वाजले होते.
म्युझियम बंद, हे मला माहीत होतं.
उठून बूट शोधू लागलो.